अचानकचा डबा

संताजीरावाच्या घरात एक पितळी डबा होता आणि त्याचा मान देवाच्या खालोखाल होता. पगार झाला की संताजी आधी त्यात पैसे टाकायचा. मग घरभाडं, मग तांदूळ-नाचणी, आणि काही उरलंच तर बायकोची हौस. हे पैसे कशासाठी, असं विचारलं की म्हणायचा, "अचानक काही आलं तर?" म्हणून त्याची आई सुमित्राबाई त्या डब्याला 'अचानकचा डबा' म्हणायची, आणि फार वैतागली की लेकालाच 'अचानकराव' म्हणून हाक मारायची.

वय अवघं तेविशीचं, पण चालणं-बोलणं साठीतलं. आजोबा म्हैसूरच्या घोडदळात होते, दसऱ्याच्या मिरवणुकीत भाला घेऊन घोड्यावर बसायचे. नातू पागेत कारकून झाला. घोड्यांनी किती हरभरे खाल्ले ते लिहायचा. घराण्याची घोडदौड आता एवढीच उरली होती.

डब्याचं वेड शिरलं ते बापाच्या मरणातून. जगन्नाथराव मोठा दिलदार माणूस, म्हणजे घरात कधी छदाम शिल्लक न ठेवणारा. एका सकाळी दात घासता घासता गेला, तेव्हा लाकडांपुरतेही पैसे निघेनात. जवळच्या येलवाल गावाहून थोरले काका रणोजीराव आले. त्यांनी कमरेचा कसा सोडला आणि सरणापासून तेराव्याच्या जेवणापर्यंत सगळं पार पाडलं. चकार शब्द बोलले नाहीत. पण संताजीला त्या दिवसांत मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या बापाला आपण दुसऱ्याच्या पैशानं पोचवलं, ही गोष्ट मनाला लागली ती लागलीच.

मग त्यानं पोटाला चिमटा घेतला. आपल्याच नाही, घरातल्या सगळ्यांच्या. बायको वनजा नवी नवरी होती, तिनं लग्नातल्या लुगड्यांवरच दिवस काढले. पुरेसे पैसे जमले तेव्हा तो येलवालपर्यंत चालत गेला आणि काकांपुढे थैली ठेवली.

"काका, हे बाबांच्या वेळचे. पै न पै आहे, मोजून घ्या."

रणोजीरावांनी मोजले नाहीत. थैलीकडे बघत राहिले. मग ती उचलून कोनाड्यात ठेवली आणि म्हणाले, "आयतु. झालं तर मग." जेवायला थांब असं म्हणाले नाहीत. संताजीच्या ते ध्यानातही आलं नाही. डोक्यावरचं ओझं उतरलं म्हणून तो खुशीत घरी आला.

आई डाळ निवडत बसली होती. ऐकलं आणि तिचा हात थांबला. "अय्यो! भावाच्या सरणाचे पैसे भावाला परत दिलास? धाकटा होता रे तो त्यांचा. तुला कोणी सांगितलं फेडायला?"

"कुणाची उधारी नको आपल्याला," संताजी म्हणाला. वर शहाण्यासारखं हसला. तेव्हापासून दसऱ्याला येलवालहून कुणी आलं नाही. एक माणूस कमी जेवायला, असंही त्याच्या मनात येऊन गेलं असेल, सांगता येत नाही.

डबा मात्र भरत गेला. आणि त्या वर्षी थंडीच्या तोंडावर शहरात पुन्हा प्लेग आला.

एका सकाळी वनजाला चुलीमागे मेलेला उंदीर दिसला. म्हणजे घर सोडणं आलंच. सरकारी माणसं येऊन कौलं उतरवणार, भिंतींवर औषध मारणार. कडेवर वर्षाची मुलगी घेऊन वनजा दाराबाहेर जाऊन उभी राहिली. संताजीही घाबरला, पण खोटं कशाला बोला, आतून थोडा फुशारलाही. याचसाठी तर आपण डबा राखला! डबा काखेत मारून तो शहराबाहेरच्या माळावर झोपडी बघायला निघाला.

माळ गच्च भरला होता. तट्ट्या नव्हत्या, बांबू नव्हते, गवत नव्हतं. दुप्पट देतो म्हणाला, तिप्पट देतो म्हणाला. झोपड्या बांधणारा माणूस कंटाळून हसला. "पैसे सगळ्यांकडेच आहेत, राव. बांबू कुणाकडे आहेत?" आसपासच्या खेड्यांत चौकशी केली तर सगळ्यांनी रस्ते अडवलेले, शहरातलं माणूस भाड्यानंही नको. ज्यांचे नातेवाईक होते ते गेले. बाकीचे झाडाखाली.

संताजीची माणसंही झाडाखालीच राहिली. दोन दिवस तो दारोदार फिरला. पाय सुजले, घसा बसला. पोर दवानं खोकायला लागली, आणि प्रत्येक खोकल्याला वनजा तिच्या काखेत हात घालून गाठ आली का बघायची. संताजी आयुष्यात इतका थकला नव्हता. डबा मांडीवर घेऊन तो नुसता बसून राहिला.

"येलवालला चल," आई म्हणाली.

"कुठल्या तोंडानं जाऊ?"

"माझ्या. तुझं झाकून ठेव."

गाडीवानानं मागितले तेवढे पैसे त्यानं घासाघीस न करता दिले. येलवालच्या शिवेवर रस्त्यात आडवा बांबू बांधलेला, चार माणसं काठ्या घेऊन, आणि दगडावर गावचा पाटील. "ऊरल्ली यारिद्दारे?" त्यानं लांबूनच कानडीत विचारलं. गावात तुमचं कोण आहे? सुमित्राबाईनं रणोजीरावांचं नाव सांगितलं. निरोप गेला. गाडी उन्हात उभी राहिली.

रणोजीराव आले, ते म्हातारे होऊन आले. सुमित्राबाईनं पदर पुढे ओढला. त्यांनी गाडीत वाकून पाहिलं.

"निम्मवरा?" पाटलानं विचारलं. तुमचीच का ही माणसं?

"ही माझी भावजय. ती सून. ती नात." मग संताजीकडे न बघता म्हणाले, "आणि हा कोण, ते यालाच विचारा. आमचा हिशेब मिटलाय. पै न पै मोजून दिलीय यानं."

संताजीचा हात आपोआप डब्याकडे गेला. "काका, भाडं देतो. मागाल तेवढं..."

"भाडेकरू गावात नको," पाटील उठलाच. "गाडी फिरवा."

गाडीवानानं बैलांचे कासरे ओढले. वनजा नवऱ्याकडे बघत होती. पोर पुन्हा खोकली. संताजी गाडीतून खाली उतरला, बांबूपाशी गेला आणि काकांसमोर उभा राहिला. सगळा गाव ऐकत होता.

"मी यांचा पुतण्या," तो पाटलाला म्हणाला. मग काकांना म्हणाला, "चुकलं माझं. आम्हांला घरात घ्या. याचे पैसे मी देणार नाही."

रणोजीरावांनी त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. त्याचे सुजलेले पाय पाहिले, वाढलेली दाढी पाहिली.

"नम्मवरे," ते पाटलाला म्हणाले. आमचीच आहेत. "दहा दिवस मळ्यातल्या गोठ्यात राहतील, गावात येणार नाहीत. जबाबदारी माझी." आणि बांबूची गाठ त्यांनी स्वतःच सोडली.

गाडी आत आली. संताजी तिथंच खुळ्यासारखा उभा राहिला.

"सुम्मे, नुसता उभा काय राहिलास?" रणोजीराव ओरडले. "गोठ्यात जा पुढं, शेण काढ. पोर काय शेणात निजवणार आहेस? खराटा कुठं असतो माहीत आहे ना?"

"माहीत आहे," संताजी म्हणाला, आणि धावला. बाप गेल्यापासून त्याच्यावर असं हक्कानं कुणी ओरडलं नव्हतं. गोठ्यात पोचेपर्यंत तो हमसून हमसून रडत होता.