भस्मातली रेघ

लांजीजवळच्या आमच्या गावात त्या सोमवारी मारुतीच्या पारापाशी चपला काढायलाही जागा नव्हती. आठवडाभर अंथरुणाला खिळलेली शेवंताबाई स्वतःच्या पायांनी पाराला फेरी मारत होती!

पुनाराम महाराज वरून गरजला, "पाहून घ्या! भस्माच्या तीन पुड्या, तीन दिस! अंगातली देवी पोटात बसली, म्हणून भूक लागून राह्यली!"

भूक खरीच होती. बाईनं सकाळपासून तीनदा भात खाल्ला होता.

दोन वर्षांपूर्वी तिच्या स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं होतं. यंदा सकाळी डोकं ठणकायचं, उलट्या व्हायच्या, डावा पाय ओढत चालायची, मधेच भलतंच बोलायची. अंगात देवी आली, असं गावानं ठरवलं. महाराजाची एकच अट होती, "सुई लागली की देवी रुसते!"

लेक श्रुतिका बालाघाटला नर्स. ती रजा टाकून आली. शेवटच्या पुडीत उरलेलं भस्म तिनं चहाच्या गाळणीतून चाळलं आणि वर राहिलेला पांढरा तुकडा घेऊन थेट पारावर गेली.

"महाराज, तुमची देवी गोळी अर्धी कराची रेघ बी मारते का?"

"ते... मंत्राची रेघ आहे!"

"अर्ध्या मंत्रानं अर्धीच देवी जाते काय?"

लोक खिदळले. तेवढ्यात शेवंताबाईच्या नवऱ्यानं, महागूनं, महाराजाची झोळी उलटी केली. गोळ्यांची रिकामी पाकिटं खाली पडली.

श्रुतिकानं नाव वाचलं. "स्टेरॉइड आहे, बाबा. कर्करोग मेंदूत गेला असन. गाठीभोवतीची सूज यानं उतरते, पाय चालतो, भूक लागते. गाठ तशीच राह्यते. डॉक्टरबी देतात हे, पण मोजून, अन् पुढचा इलाजही करतात."

"अन् देवी रुसली त?" महागूनं विचारलं.

"रुसू दे," शेवंताबाई म्हणाली, "मले नागपूरले ने."

नागपुरात मेंदूत तीन गाठी दिसल्या. डॉक्टर स्पष्ट बोलले, "पूर्ण बरं होणार नाही. किरणोपचारांनी चांगले दिवस वाढतील. कोणाला काही महिने मिळतात, कोणाला वर्षाहून जास्त."

शेवंताबाईला चौदा महिने मिळाले. ती थकायची, नावं विसरायची; पण महागूवर ओरडायला शेवटच्या आठवड्यापर्यंत चुकली नाही.

कर्करोग होऊन गेलेल्या माणसाचं डोकं सारखं दुखलं, पाय ओढला, बोलणं बदललं, तर लगेच दवाखाना गाठा. देवीला कसलीच घाई नसते. मेंदूतल्या सुजेला असते.