भांबुर्डीचं बूच

मी एक जुनी क्वार्ट्झची कुपी आहे. मित्रांनो, नाव ऐकून मला अत्तराची कुपी समजू नका. मी चौकोनी, बोटभर उंच, आणि माझ्या पोटात चमचाभर पाणीही नीट मावत नाही. माझ्या दोन बाजू आरपार स्वच्छ आहेत आणि दोन धुरकट. मला धरायचं ते धुरकट बाजूंनी. स्वच्छ बाजूला कुणी तेलकट बोट लावलं की माझा जीव खालीवर होतो. मी थोडी नखरेल आहे म्हणा ना!

शुद्ध स्फटिक भट्टीत वितळवून मला घडवलं. अतिनील किरण साध्या काचेतून पार जात नाहीत, माझ्यातून जातात. नव्वद सालाच्या सुमारास मी रोह्याला आले. पूल ओलांडला की पलीकडच्या अष्टमी गावात एका शेतकी संस्थेची दोन खोल्यांची प्रयोगशाळा होती. तिथे एका यंत्राच्या खाचेत मला बसवत. शेतातल्या मातीत मुरलेलं पाणी माझ्यात भरत आणि त्यातून किरण सोडत. पाण्यात नायट्रेट जितकं जास्त, तितके किरण आतच गिळले जातात. युरियाचा मारा जास्त झाला की हे नायट्रेट झिरपत झिरपत विहिरीत उतरतं आणि तान्ह्या बाळांना बाधतं. म्हणून हे मोजायचं.

पण यात एक खोच आहे. पाल्याचा रस पाण्यात उतरला असेल तर तोही तेच किरण गिळतो. म्हणून वेगळ्या किरणांनी दुसऱ्यांदा बघायचं असतं. त्या किरणांना नायट्रेट शिवत नाही, पाल्याचा रस मात्र तिथेही सापडतो. दोन्ही मापं घेतली तरच चोर कोण ते कळतं.

पेणच्या खाडीकाठून पाणी घेऊन येणारा जनू माझं फार कौतुक करायचा. "एवडीशी डबी, पन जमिनीच्या पोटातला सांगतंय!" असं तो म्हणायचा. मी मनातून फुगायचे. खोटं कशाला सांगू?

एका जानेवारीत कोलाडकडच्या एका वाडीतून रंभाबाई आली. विहिरीच्या वरच्या अंगाला तिचं कलिंगडाचं शेत होतं. वेल फुलावर आले होते. हिचाच युरिया आपल्या विहिरीत उतरतोय, अशी वाडीत कुजबुज सुरू झाली होती. कुणी तोंडावर बोलत नव्हतं, पण पाणवठ्यावर ती आली की बायका गप्प व्हायच्या. ते तिला सहन होईना. संस्थेने शेतात पुरून दिलेल्या नळीने तिने मातीतलं पाणी ओढलं, बाटलीत भरलं आणि घेऊन आली.

वाटेत बाटलीचं झाकण कालव्यात पडलं होतं. मग तिने बांधावरची उग्र वासाची भांबुर्डी उपटली आणि त्या पाल्याचं घट्ट बूच बसवलं. थंडीत मडक्यात वालाच्या शेंगा भाजायची पोपटी लावताना याच पाल्याने मडक्याचं तोंड बंद करतात ना, अगदी तसं. थेंबही सांडला नाही. एसटीची वाट बघण्यात आणि प्रवासात मिळून दोन तास पाणी त्या पाल्यावर हिंदकळत राहिलं.

आमचे कमळाकर साहेब माणूस चांगला, पण त्या दिवशी चार वाजता वीज जाणार होती आणि बाटल्यांची रांग लागली होती. त्यांनी माझ्यात पाणी भरलं. डोळ्यांना ते स्वच्छच दिसत होतं. पहिलं माप घेतलं, आकडा भलताच मोठा आला. दुसरं माप त्यांनी घेतलंच नाही. 'नायट्रेट फार जास्त' असा कागद टपालाने गेला. मित्रांनो, मला सगळं ठाऊक होतं, पण मला तोंड कुठे आहे?

वीस दिवसांनी आमच्याकडे भांडी धुणारी सगुणा जुन्या बाटल्या रिकाम्या करत होती. एकीचं बूच काढून तिने हुंगलं आणि हसली.

"सायेब, ही तर भांबुर्डी हाय. बाटलीला पोपटीचा वास मारतोय!"

साहेब उठलेच. बाटलीवर रंभाबाईच्या नावाची चिठ्ठी होती. तेच पाणी त्यांनी पुन्हा माझ्यात भरलं आणि दुसरं माप घेतलं. तिथेही किरण गिळले जात होते. त्यांचा चेहरा उतरला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी झाकणाची बाटली पाठवली आणि रंभाबाईला ताजं पाणी घेऊन यायचा निरोप दिला.

ती आली. स्टुलावर ताठ बसून म्हणाली, "या टायमाला मी बघनार."

दोन्ही मापं झाली. आकडा छोटासाच होता.

"मावशी, चूक माझी होती," साहेब म्हणाले. "तुमच्या शेतात काहीच जास्त नाही. तुमचे वेल खुशाल वाढू द्या."

रंभाबाईने त्यांच्याकडे बघितलं. "कुटलं येल, सायेब? कागद आला त्याच दिशी मी उपटलं."

"कुणी उपटायला लावले?"

"कुनी नाय. इरीचं पानी वाडीतली बारकी पोरं पितात. तुमचा कागद खोटा आसल, असा मनात पन आला नाय."

सगुणाने पाण्याचा तांब्या पुढे केला, पण तो कुणी उचलला नाही.

नंतर साहेब स्वतः वाडीवर गेले आणि पाणवठ्यावर सगळ्यांसमोर आपली चूक सांगून आले. पण उन्हाळा तोंडावर आला होता, पुन्हा लावणीची वेळ निघून गेली होती. रंभाबाईचं शेत त्या वर्षी उघडंच राहिलं.

आता माझ्या कडेचा टवका उडाला आहे आणि मी एका खणात पडून असते. मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. मी फुटले तर दुसरी कुपी मागवता येते. पण तुमच्या हातचा कागद वाचून कुणीतरी आपल्या हाताने फुलावरचे वेल उपटतं. त्या माणसासाठी दुसरं माप घ्या.