सोमवारी बंद पडणारी गाडी

लाकडाच्या वखारीसमोर पन्नासेक माणसं श्वास रोखून उभी होती आणि सगळ्यांचे डोळे एका बाईच्या पाठीवर होते. ती आमची सूनबाई, माझ्या भाच्याची बायको. खांद्याला पिशवी लावून ती एकटीच रस्त्याच्या वळणाकडे चालली होती. इकडे भाच्याची तीस वर्षांची गाडी बॉनेट उघडून उभी, आणि आत एक मंतरलेलं ओलं फडकं टाकून, अडलेल्या गाड्या मंत्राने चालवणारा गाडीबाबा डोळे मिटून बसलेला. सूनबाई वळणाआड गेली. बाबाने बोट वर केलं, भाच्याने चावी फिरवली आणि मघापासून ढिम्म असलेली गाडी सुरू झाली. वखारवाल्याने हात जोडले. एका पदवीधराने सगळं मोबाईलवर टिपून घेतलं.

हा चमत्कार दर सोमवारी व्हायचा. सूनबाई डोंगरापलीकडच्या दवाखान्यात रक्त तपासायचं काम करायची. आठवडाभर तिकडेच राहायची, शनिवारी बसने घरी यायची आणि सोमवारी सकाळी भाचा तिला सोडायला जायचा. पस्तीस मिनिटांचा चढ संपता संपता, बरोब्बर वखारीपाशी, गाडी मान टाकायची. एरवी माझी ताई, म्हणजे तिची सासू, त्याच गाडीतून बाजारात जायची, बँकेत जायची. दहा मिनिटांचा रस्ता. गाडी कधी कुरकुरली नाही. मग दोष कोणाचा? घरात नवीन आलेलं माणूस एकच होतं.

बाबाने निदान केलं की यंत्रालाही प्राण असतो. लोखंड हे पृथ्वीतत्त्व, पेट्रोल हे जलतत्त्व आणि ठिणगी हे अग्नितत्त्व. या मुलीची नजर अग्नी गिळते, ती दृष्टीआड झाल्याशिवाय ठिणगी पडणार नाही. पेट्रोल जर जलतत्त्व असेल तर आग विझवायला तेच ओतावं की काय, असं मी शेजारच्याच्या कानात म्हणालो. आम्ही दोघं पोटभर हसलो आणि मी घरी गेलो. हसलं की विरोध नोंदवून झाला, अशी माझी तेव्हा समजूत होती.

सूनबाई मात्र हसली नाही. चौथ्या रविवारी जेवताना तिने सरळ तोडगा सांगितला. ती बसने जाईल, भाच्याने गाडी घेऊन एकट्याने तेवढंच अंतर जाऊन बघावं. नाही बंद पडली, तर ती स्वतः बाबाच्या पाया पडेल. ताई म्हणाली, असल्या परीक्षा घेतल्या की कोप वाढतो, बाबांनी बजावून सांगितलंय. सूनबाईने नवऱ्याकडे पाहिलं.

भाचा ताटात बघत म्हणाला, "आईचं मन कशाला मोडायचं? थोडं चालायचंच तर आहे ना तुला."

दुसऱ्या दिवशी ती थोडं चालली. गाडी सुरू झाली, लोकांनी जयजयकार केला, भाचा वळणापलीकडे गेला, तर तिथे कोणीच नव्हतं. मधल्या वेळात एक बस गेली होती. ही दृष्टीआड व्हायला हवी, असं बाबा म्हणाला होता. झाली.

तीन आठवडे तिने फोन उचलला नाही. शेवटी भाचा तिला आणायला निघाला आणि वखारीपाशी पोचल्यावर त्याचा मला फोन आला. "मामा," तो म्हणाला, "गाडीत मी एकटाच आहे." आणि गाडी वखारीसमोर बंद पडली होती.

मी आमच्या ओळखीच्या म्हाताऱ्या मिस्त्रीला स्कूटरवर घालून नेलं. बाबा हजर होताच. तिची सावली सीटला चिकटून राहिली आहे, असा त्याचा नवा शोध होता. सीट काढून ठेवू का, असं मिस्त्रीने विचारलं आणि कामाला लागला. प्लगची वायर काढून तिचं टोक इंजिनाच्या लोखंडाजवळ धरलं आणि भाच्याला चावी फिरवायला सांगितली. ठिणगी नाही. मग बाजूच्या, ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या डब्यासारख्या कॉईलला हात लावला आणि चटकन मागे घेतला. पिशवीतली दुसरी कॉईल जोडली, तर निळी ठिणगी तडतडली. मग त्याने जुनीच कॉईल परत जोडली, वरची टोकं सांभाळून तिच्यावर बाटलीभर गार पाणी हळूहळू ओतलं, आणि गाडी सुरू झाली.

कॉईलच्या पोटात बारीक तारेचे हजारो वेढे असतात, त्याने सांगितलं. त्यांचं आवरण जुनं होऊन विरतं. अर्ध्या तासाच्या चढाने कॉईल तापली की वीज आतल्या आत गळते आणि ठिणगी पडत नाही. गार झाली की पुन्हा शहाण्यासारखी चालते. आज भाच्याने चावी चालूच ठेवली होती, म्हणून ती इतका वेळ तापलेलीच राहिली. बाई वळणापर्यंत जाईतो वीस मिनिटं जातात. बाकीचं काम फडकं करतं.

"एवढ्या मोठ्या इंजिनात फडकं नेमकं कॉईलवरच टाकायचं, हे ज्याला कळतं, त्याला बिघाड काय आहे तेही कळतं," तो बाबाकडे बघून म्हणाला.

ज्ञान कोणत्याही रूपाने येतं, असं म्हणून बाबाने फडकं पिळलं आणि काढता पाय घेतला. वखारवाला आता मिस्त्रीच्या पाया पडायला वाकला.

नवी कॉईल लावून आम्ही दवाखान्यात गेलो. सूनबाई हातमोजे घालून रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. भाच्याने सगळं सांगितलं. सांगताना तो रडत होता. कॉईल होती गं, नुसती कॉईल, असं तीनदा म्हणाला. तिने हातातल्या नळीवर चिठ्ठी चिकटवली आणि हातमोजे काढले.

"गाडीत दोष आहे का, हे तू मिस्त्रीकडून तपासून घेतलंस," ती म्हणाली. "माझ्यात दोष आहे, हे न तपासताच मानलंस."

मग तिने मला विचारलं, "मामा, चहा घेणार?" आणि भाच्याला विचारलं नाही.

ती परत आली नाही. येईल असं मला वाटतही नाही. म्हणून विनंती एवढीच: कोणी माणसाकडे बोट दाखवलं, तर हसून घरी जाऊ नका. त्या माणसाला बाजूला ठेवून तीच गोष्ट एकदा करून बघा. एक सकाळ लागते. पण हे वेळेवर करा. खरं कारण उशिरा सापडलं, तर गाडी तेवढी सुरू होते.