कलशातून बोलले अंबाजी

कुरवंड्यात दर गुरुवारी मेलेली माणसं बोलायची.

सकाळपासून लोणावळ्याहून रिक्षा भरभरून वर यायच्या. नादानंद महाराजांच्या पत्र्याच्या मंडपाबाहेर चपलांचा ढीग साचायचा. आत व्यासपीठावर एक थोरला पितळी कलश, त्यावर नारळ, नारळावर झेंडूची माळ. आणि शेजारी महाराज. रेशमी कफनी, अर्धे मिटलेले डोळे, कानाला चिकटलेला माइक. त्यांनी कलशावर तळवा ठेवून "ये, नादरूपा, ये!" अशी हाक घातली की कलशातून गेलेला माणूस बोले. त्याच्याच आवाजात, त्याच्याच खोकल्यासकट. बायका पदर तोंडात कोंबून हुंदके देत, बाप्ये खाली मान घालून नाक ओढत.

दर्शनाचा नियम साधा होता. दारातल्या वेताच्या टोपलीत फोन ठेवायचा, कोणाला बोलवायचं त्याचं नाव सांगायचं आणि फोनचं कुलूप काढून ठेवायचं.

"आत्मा म्हणजे नाद, आणि फोन म्हणजे नादाचं घर," महाराज समजावून सांगत. "पाहुण्याला बोलवायचं आणि दाराला कुलूप घालायचं? कसा येईल तो?"

लोक माना डोलवत. टोपली भरली की महाराजांचा शिष्य प्रदीप ती 'शुद्धी'साठी मागच्या खोलीत नेई. मग तासभर भजन. आत्म्याला यायला तेवढा वेळ लागतोच, लांबून यायचं असतं.

गावातल्या लीलाबाई आज आपल्या गेलेल्या नवऱ्याला बोलवायला आल्या होत्या. त्यांच्या मागे बसलेल्या माधवीला, त्यांच्या मुलीला, एक गोष्ट खटकत होती. इथे येणारे आत्मे सगळे अलीकडचे. कोणाचा पणजोबा आला नाही, कोणाची पटकीच्या साथीत गेलेली आजी आली नाही. जे येत ते जिवंतपणी व्हॉट्सअ‍ॅप वापरणारे. आत्मा अमर असेल बापडा, पण त्याला रिचार्ज लागत होता.

माधवी लोणावळ्यातल्या एका रिसॉर्टच्या स्वागतकक्षात कामाला होती. गोड बोलणं कुठं संपतं आणि बिल कुठं सुरू होतं, एवढं तिला नोकरीनं शिकवलं होतं. आईबरोबर ती आज मुद्दाम रजा काढून आली होती, कारण प्रकरण आता घरापर्यंत पोचलं होतं.

तिचे वडील, अंबाजी, नागफणीच्या कड्याकडे जाणाऱ्या वाटेवर चहाची टपरी चालवत. लिहिण्यावाचण्याशी त्यांचं फारसं जमलं नाही. पण फोनवरचं माइकचं बटण सापडल्यापासून त्यांचा अंगठा त्याच्यावरून हटत नसे. दूध नासलं, माकडानं बिस्किटं पळवली, कोणी पाहुणा दरीत चप्पल टाकून बसला, सगळं बोलून बायकोला पाठवायचे. गेल्या वर्षी एका सकाळी ते टपरीतच छाती धरून खाली बसले, ते उठले नाहीत. लीलाबाई तेव्हा रानात होत्या, फोन घरी. त्या सकाळी अंबाजींनी पाठवलेलं बोलणं तसंच फोनात पडून राहिलं. ते ऐकायचं धाडस लीलाबाईंना वर्षभरात झालं नव्हतं.

गावाच्या वर त्यांच्या शेताचा एक तुकडा होता. तिथून अख्खी दरी दिसे. त्यावर महाराजांना ध्यानकेंद्र बांधायचं होतं. (ध्यानकेंद्राच्या नकाशात पोहण्याचा तलाव होता, बहुधा भवसागर तरून जायच्या सरावासाठी.) लीलाबाई म्हणाल्या होत्या, "त्येंना इचारल्याबिगर मी कशी देऊ?"

"मग विचारू या की!" महाराज हसले होते.

आणि आज ते विचारत होते. भजन थांबलं. माधवीला कलशाकडून बारीक 'टुंग' ऐकू आलं. रिसॉर्टमध्ये तलावाकाठचा स्पीकर फोनला जोडला की अस्सा आवाज होई. ती सावरून बसली.

"ये, नादरूपा अंबाजी, ये!"

कलश खरखरला. मग एक खोकला, आणि पाठोपाठ तो ओळखीचा, चहाच्या वाफेनं भिजल्यासारखा आवाज: "लीला... महाराज... वरचा तुकडा देऊन टाक त्यांना."

माधवीच्याही अंगावर काटा आला. आवाज बाबांचाच होता. लीलाबाईंनी तर जमिनीवर कपाळ टेकलं. "देते हो, देते," त्या रडत म्हणाल्या. मंडपात जयजयकार झाला. दानपत्र पुढच्या आठवड्यात करायचं ठरलं.

घरी येताना माधवी म्हणाली, "आई, बाबांनी कधी कोणाला महाराज म्हणलं का गं? देवळात जायचं म्हटलं तरी त्यांची टपरी आडवी यायची."

"मेल्यावर मानसाला कळतं समदं," लीलाबाई म्हणाल्या. "आवाज त्येंचाच व्हता का न्हाई? सांग."

"होता."

"मंग झालं तर."

दुसऱ्या दिवशी दुपारी ओट्यावर बसून माधवीनं आईचा फोन हातात घेतला. बाबांच्या शेवटच्या सकाळच्या बोलण्यापर्यंत ती पडदा सरकवत गेली आणि बघतच राहिली.

"आई, हे तू ऐकलंस?"

"न्हाई गं बाई. जीव हुतो का माजा?"

"नक्की? एकदाही नाही?"

"किती येळा सांगू?"

"मग हे बघ. कोणी पाठवलेलं बोलणं आपण ऐकलं नाही, तोवर हा माइक हिरवा दिसतो. ऐकलं की निळा होतो. आणि हे सगळे निळे झालेत."

लीलाबाईंनी चष्मा लावून पाहिलं. "मंग कुनी ऐकलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"फोन तू कुणाच्या टोपलीत ठेवला होतास?"

या वेळी लीलाबाईंनीच बोट पुढं केलं आणि पडद्यावर टेकवलं. खोकला आला. मग अंबाजी:

"लीला, तो बोका आला आसंल बग. महाराज रुसल्यात कालपास्नं. शिंक्यातल्या बोंबलाचा वरचा तुकडा देऊन टाक त्यांना, मंग बसत्याल गप. आन् तू बी येळेवर जेव."

लीलाबाई आधी हसल्या. मग त्यांना रडू फुटलं आणि ते किती तरी वेळ थांबेना. माधवी नुसती त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिली. अखेर डोळे पुसून त्या म्हणाल्या, "त्येंचं शेवटचं बोलनं माज्या आदी त्या प्रदीप्यानं ऐकलं. ह्ये मी सोडनार न्हाई."

पुढच्या गुरुवारी मंडप खचाखच भरला होता. दानपत्राची घोषणा व्हायची होती. माधवीनं बाबांचं ते बोलणं स्वतःच्या फोनवर घेऊन ठेवलं होतं. आईचा फोन नेहमीसारखा टोपलीत गेला, माधवीचा तिच्या ओढणीखाली लपून आत आला. लीलाबाई व्यासपीठावर चढल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "महाराज, सही करायच्या आदी त्येंचा आवाज आनिक एकडाव ऐकवा."

महाराज प्रसन्न झाले. हाक गेली, 'टुंग' झालं, कलश बोलला, "लीला... महाराज... वरचा तुकडा देऊन टाक त्यांना."

"कसला तुकडा, धनी? नीट सांगा की."

कलश गप्प. महाराजांनी घसा खाकरला. मागच्या खोलीत प्रदीपची तारांबळ उडाली असावी, कारण क्षणभरानं तोच खोकला आला आणि तेच शब्द, जशास तसे.

"न्हाई सांगत? मंग मी सांगते." लीलाबाईंनी माधवीचा फोन घेतला आणि थेट महाराजांच्या तोंडापाशी, माइकवर धरला.

बोका, शिंकं, बोंबील, सगळं मंडपभर घुमलं. मागून कोणीतरी फिसकन हसलं, आणि बघता बघता मांडव हलायला लागला.

"महाराज," लीलाबाईंनी विचारलं, "तुमी बोंबील खाता व्हय?"

"अज्ञानी बाई!" महाराज कडाडले. "आत्मा जिवंतपणी जे बोलला, तेच कलशातून बोलतो! हाच तर सिद्धीचा पुरावा!"

"मग आत्मा नेमका बोका आणि बोंबीलच कसा विसरला?" माधवी म्हणाली. ती पुढं झाली, नारळ उचलून बाजूला ठेवला आणि कलशात हात घातला. बाहेर आला तो काळा, नळकांड्यासारखा ब्लूटूथ स्पीकर. त्याच वेळी बहुधा प्रदीपनं घाबरून फोन बंद केला असावा, कारण स्पीकर एका बाईच्या आवाजात, स्वच्छ इंग्रजीत म्हणाला, "डिसकनेक्टेड."

"ही कुनाची आत्या?" पुढल्या रांगेतून आवाज आला.

प्रदीप मागच्या दारानं निघाला होता. कुरवंड्याच्या पोरांनी त्याला टोपलीसकट परत आणला. त्याच्या स्वतःच्या फोनात लोकांच्या फोनांमधून उचललेलं, कापलेलं, जोडलेलं बोलणं नावानिशी लावून ठेवलेलं सापडलं. तक्रार जादूटोणाविरोधी कायद्याखाली झाली. पहिली सही लीलाबाईंची.

पोलीस यायच्या आधी मात्र मंडपातला हशा ओसरला. आदिनाथ आबा काठी टेकत माधवीपाशी आले. त्यांची बायको गेल्याला दोन दिवाळ्या झाल्या होत्या आणि ते एकही गुरुवार चुकवत नसत.

"पोरी, माजी बायको बी फोनातलीच व्हती?"

माधवीला खोटं बोलवेना. "व्हय आबा. आवाज त्यांचाच होता, पण आल्या नव्हत्या त्या. तुमचाच फोन उघडून तुम्हालाच ऐकवला."

आबांच्या मागे आणखीही काही जण उभे होते, आणि त्यांच्यातल्या कोणालाच हसू येत नव्हतं. माधवीनं भजनाचा माइक उचलला.

"कोणी लाजू नका," ती म्हणाली. "आपलं माणूस एकदा तरी बोलावं असं कोणाला वाटत नाही? ह्या लोकांनी तेच हेरलं. पण आवाज साठवता येतो, कापता येतो, जोडता येतो. आता तर माणूस कधी बोललाच नाही ते त्याच्या आवाजात बोलवता येतं. तेव्हा आवाज ओळखीचा निघाला की लगेच हात जोडू नका. तो कुठून आला, कोणी ऐकवला आणि ऐकवून आपल्याकडून काय मागितलं, एवढं विचारा. जो विचारू देत नाही, तो तुम्हाला फसवतोय. गेलेलं माणूस परत येत नाही. त्याच्या नावावर जमीन मागणारा मात्र नक्की येतो."

टोपलीतून आपला फोन शोधून आबांनी तो तिच्या हातात दिला. तिनं त्यांच्या बायकोचं बोलणं काढून दिलं. आबांनी फोन कानाला लावला. शेजारच्यांनाही पुसट ऐकू आलं: येताना काडेपेटी आना, आन् उन्हाचं चालत येऊ नका, रिक्षा करा.

"हितं कुटंबी जमीन मागत न्हाई ती," आबा म्हणाले, आणि त्यांनी ते पुन्हा लावलं.