शेवटच्या खुर्चीतला आकडा

दाराची कडी हाताला गार लागली आणि त्याला पुन्हा ते पत्र आठवलं — डॉक्टरीणबाईंचं, महिन्यापूर्वीचं, बिनउत्तराचं.

पाच डॉक्टर आपल्या अवघड रोग्यांविषयी एकमेकांना ईमेल लिहीत. ते परक्याला वाचता येऊ नयेत म्हणून त्याने, गणिताच्या निवृत्त मास्तराने, एक पद्धत बसवून दिली होती. प्रत्येकाने आपला गुप्त आकडा मिसळायचा, नुसतं मिश्रणच पुढे द्यायचं... पाचांच्या आकड्यांतून सगळ्यांची मिळून एकच किल्ली. विरघळलेली साखर कुणाला वेचता येते? कुणी गट सोडला की ओळीतल्या शेवटच्या डॉक्टरने आपला आकडा बदलायचा, म्हणजे किल्ली नवी आणि गेलेला बाहेर.

'आणि शेवटचाच सोडून गेला तर, मास्तर?' बाईंनी पत्रात विचारलं होतं. 'आकडा बदलणार कोण?'

शेवटचा आजच जाणार होता. संध्याकाळपर्यंत मास्तरांचं उत्तर गेलं नाही, तर डॉक्टर ही पद्धत बंद करणार होते.

चुकलंच होतं. आपलं कुठेतरी चुकतंच — शाळेच्या फोटोत तो कडेला, अर्धा खांदा कापलेला. सभेत मागच्या रांगेत, दाराजवळ. पद्धतीतल्या त्या शेवटच्या जागी, शेवटच्या खुर्चीत, त्याने मनातून नकळत स्वतःलाच बसवलं होतं, आणि ती रिकामी होईल हे... हे त्याच्या मनालाच शिवलं नव्हतं.

डोळ्यांच्या तपासणीसाठी दोन दिवस परगावी जायचं, पिशवी भरलेली. कडीवरचा हात न काढता तो ताईला म्हणाला, रात्री आठवणीने लाव, रोज मीच लावतो म्हणून सांगतो.

ताई भाजी निवडत होती. मानही वर न करता म्हणाली, "तू नसलास तर मी दार सताड उघडं टाकून झोपणार का रे? घरात जो उरेल तो लावेल. मोठा आला कडीवाला."

जो उरेल तो.

पिशवी तिथेच राहिली. टेबलाशी बसून त्याने कागदावर मांडलं — मिश्रणं तर प्रत्येकाजवळ आहेतच, मग उरलेल्यांपैकी कुणीही आपला आकडा बदलावा, जाणाऱ्याचा वाटा वगळून बाकीच्यांना नवी मिश्रणं धाडावीत. गेलेल्याजवळ जुनं सगळं असलं तरी हा ताजा आकडा त्याला कुठून मिळणार? पुन्हा मांडलं. तिसऱ्यांदा मांडताना लक्षात आलं, आपण चूक शोधत नाही आहोत, नुसते बघत बसलो आहोत, भरल्या घराकडे बघावं तसे... पद्धत उभी होती. त्याच्याशिवायही उभी होती. छातीत काहीतरी मोठ्याने हसलं. इतक्या वर्षांनी!

ताईने विचारलं, गाडी चुकवायची आहे का. त्याला ऐकूच आलं नाही.

त्याने लिहिलं: 'बाई, बदलणारा शेवटचाच हवा असं नाही. जो उरेल त्याने बदलावा. उशिराबद्दल —' क्षमेचं वाक्य त्याने खोडलं, नेहमीचं 'चूकभूल द्यावी घ्यावी'ही लिहिलं नाही, सोबत मांडणी जोडली, आणि बटण दाबलं.

पत्र गेलं. तो उठला, पिशवी उचलली, आणि दार ताईवर सोपवून बाहेर पडला.