बुश खाणारी बाई

वर्षात तिसऱ्यांदा माझ्या जुन्या पिकअपच्या पुढच्या आर्मचे बुश गेले, आणि तिसऱ्यांदा सगळ्यांनी माझ्याकडेच बघितलं.

बुश म्हणजे लोखंडी नळीत बसवलेलं रबर. पुढच्या चाकांचे दांडे, म्हणजे आर्म, त्यावर हलतात. ते फाटलं की गाडी एका बाजूला ओढते, स्टिअरिंग थरथरतं आणि प्रत्येक हंपला खालून खडाक्‌ आवाज येतो. माझ्या गाडीत मागे लग्नाचं रुखवत असतं. साखरेचं तुळशीवृंदावन, साखरेची चूल, साखरेचा पाळणा. केशवापूरच्या घरी आठ-आठ दिवस खपून करायचं, आणि देशपांडे नगरच्या कार्यालयात पोचेपर्यंत पाळण्याचे दोन तुकडे. कुणाचंही डोकं फिरेल.

आमच्या वकीलसाहेबांचं, म्हणजे नवऱ्याचं, डोकं फिरलं ते माझ्यावर. मी रस्त्याला बोल लावला की ते ऐकवायचे, "नाचता येईना अंगण वाकडं." या खेपेला तर निकालच दिला. "मेधा, पुन्हा बुश गेले तर मी ड्रायव्हर ठेवणार. तू घरी बसून रुखवत कर." हे बोलणाऱ्या माणसाला स्टेपनी कुठे असते ते माहीत नाही. पन्नाशीला आल्यावर मी गाडी शिकले, सासर-माहेरची बोलणी खाल्ली, आणि आता माझ्याच गाडीत परक्याच्या शेजारी गप्प बसून जायचं? मला रडूच आलं. रागाने आलं, पण आलं.

गोकुळ रोडच्या गॅरेजात वकीलसाहेब माझ्यावर लक्ष ठेवायला आल्यासारखे बरोबर आले. गाडी जॅकवर होती, चाकं अधांतरी. मंजुनाथ मेस्त्री जुने बुश काढून नवे बसवत होता.

"अक्का, गाडी बुश खात नाही री. तुम्ही खाताय," तो म्हणाला. साहेब खो खो हसले.

मी जुने बुश उचलून बघितले. चारही बुशांचं रबर सारखंच पिळवटून फाटलं होतं. खड्ड्यांनी फाटलं असतं तर एक इथं, एक तिथं फाटलं असतं. मी वाकून गाडीखाली बघितलं. दांडे खाली लोंबत होते आणि मंजुनाथ तसेच बोल्ट आवळायला लागला होता.

"थांब," मी म्हटलं. "बसून पदराला पिन लावली तर उठल्यावर काय होतं?"

त्याने पाना खाली ठेवला.

"पदर ओढतो आणि फाटतो. तू चाक लोंबत असताना बोल्ट आवळतोस. गाडी खाली उतरली की दांडा वर जातो, पण रबर आधीच पकडलेलं. मग ते नुसतं उभ्या उभ्यासुद्धा पिळलेलंच राहतं. आधी चाकं जमिनीवर टेकव, मग आवळ."

मंजुनाथने माझ्याकडे बघितलं नाही, साहेबांकडे बघितलं. "हौदेन्री सर? खरं का हे?"

"तीस वर्षं हेच करतोय तो, मेधा. करू दे त्याला," कायदेपंडित म्हणाले.

"आणि चाकं टेकल्यावर खाली पाना फिरवायला जागा कुठं आहे, अक्का?"

जागा होती. खाली उतरून काम करायचा खड्डा कोपऱ्यातच होता, पण तो जुन्या टायरांनी भरलेला. ते कोण काढणार, असं मंजुनाथ पुटपुटला. मी पदर खोचला आणि पहिला टायर ओढला. त्यातलं कुजकं पाणी साडीवर सांडलं. दुसरा ओढला. तिसऱ्याला मंजुनाथ धावत आला, "बिडरी अक्का, सोडा, मी काढतो." साहेबांना तेवढ्यात कुणाचा तरी फोन आला आणि ते बाहेर गेले, ते गेलेच. मग गाडी ढकलून खड्ड्यावर घेतली, दोनदा दाबून हलवली, आणि मंजुनाथने खाली उतरून बोल्ट आवळले.

याला आठ महिने झाले. स्टिअरिंग थरथरत नाही. पाळणे आख्खे पोचतात. आता तरी कुणी काही म्हणेल म्हणून मी वाट बघत होते. परवा माझी नणंद वत्सला आली तेव्हा साहेब म्हणाले, "ड्रायव्हर ठेवतो म्हटल्यावर बघ कशी नीट चालवायला लागली."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी ऑइल बदलायचं निमित्त करून गॅरेज गाठलं. खड्डा मोकळा होता, वर कुणाची तरी जीप उभी होती आणि मंजुनाथ खाली बोल्ट आवळत होता.

"तुम्ही सांगितल्यापासून सगळ्यांचे असेच आवळतो, अक्का," तो वर येऊन म्हणाला. "आधीची चूक माझीच होती."

"मग हेच साहेबांना येऊन सांग."

तो हात पुसत राहिला. "कसं सांगू, अक्का? ते वकील आहेत री. उद्या नोटीस पाठवतील."

म्हणजे ड्रायव्हर टळला, गाडी माझ्या हातात राहिली, आणि चूकही माझ्याच नावावर राहिली.