मदुराईची माणसं

क्रांतीबाईंनी वाइनचा ग्लास नाकाशी नेला, तोंड वाकडं केलं आणि तसाच टेबलावर ठेवला.

"लय आंबूस हाय."

"मग नको पिऊ," भाऊसो म्हणाले.

झालं. सकाळपासून नवराबायकोत झालेलं हेच काय ते लांबलचक बोलणं.

बेत लेकीचा, शिवांजलीचा; तिनं दोघांनाच धाडलं होतं. पाचगणीला कड्यावरच्या लॉजवर मुक्काम आणि दिवसा आसपासचे स्ट्रॉबेरीचे मळे नि वायनरी बघत हिंडायचं. भाऊसोंनी मदुराईतलं सोनं गाळायचं दुकान पुतण्याच्या हवाली केलं होतं आणि ते कायमचे विट्याला परतले होते. लग्न झाल्यापासून ते तिकडे आणि क्रांतीबाई इकडे, सासूसासरे, म्हशी आणि लेक सांभाळत. दिवाळीला यायचे, जत्रेला यायचे, लुगडं आणायचे, जायचे. आता नवरा रोज समोर दिसायचा आणि त्याच्याशी बोलायचं काय, हेच बाईंना सुचत नव्हतं. पाहुण्यासारखा चहा नेऊन द्यायच्या. उरलेलं आयुष्य असंच मुक्यानं काढायचं की काय, असं त्यांना वाटायचं.

शेजारच्या टेबलावरचं एक वयस्क जोडपं वाइन ओतणाऱ्या माणसाला काहीतरी विचारत होतं. त्यांना ना मराठी येत होती, ना हिंदी. भाऊसोंनी कान टवकारले. ते उठून गेले आणि भडाभडा तमिळ बोलायला लागले. जोडपं मदुराईचंच निघालं.

बघता बघता खुर्च्या जोडल्या गेल्या. भाऊसो हातवारे करत होते, मांडीवर थाप मारून हसत होते, मान वाकडी करून कुणाची तरी नक्कल करत होते. म्हातारा तर हसून हसून डोळे पुसायला लागला. क्रांतीबाई बघतच राहिल्या. हा माणूस नकला करतो? विट्यात तर मीठ मागायचं झालं तरी नुसतं बोट दाखवतो. त्यांना मत्सर वाटला, आणि तोही अख्ख्या मदुराईचा.

म्हातारीनं त्यांच्याकडे बघत काहीतरी विचारलं.

"त्या इचारत्यात," भाऊसो म्हणाले, "तू मदुराईला कवाच कशी आली न्हाईस?"

"सांगा त्यास्नी, कुनी बोलीवलंच न्हाई."

मग भाऊसोंनी तमिळमध्ये काहीतरी सांगितलं आणि म्हातारी खळखळून हसली. क्रांतीबाईंच्या बोलण्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

संध्याकाळी दोघं लॉजच्या व्हरांड्यात बसले. खाली दरीत धुकं भरत होतं. भाऊसोंचा चेहरा परत विट्यातल्यासारखा झाला होता.

"तुला काय हितं करमत न्हाई," ते म्हणाले. "उद्या सकाळीच निघू."

"ती मदुराईची मानसं उद्या कुटं जानार?"

"दुसऱ्या वायनरीला. का गं?"

"आपुन बी जाऊ की."

भाऊसोंनी चमकून पाहिलं. "तू काय करशील तितं?"

"तुमी बोला त्यांच्यासंगं. मी बसती बाजूला." क्रांतीबाईंनी पदर खांद्यावरून ओढून घेतला.

"अगं, तुला त्यातलं काय बी कळायचं न्हाई."

"नगं कळू दे," त्या दरीकडे बघत म्हणाल्या. "तुमी हसताना दिसशीला तरी."